अथिना, मिनर्व्हा, आफिना आणि माझी आई

माझ्या बाबांना सगळी गल्ली विणकर म्हणून ओळखायची, आणि माझ्या बाबांनी अठरा वर्षं धोट्याला हात लावला नव्हता. आज हे उघड सांगते, कारण आता ते सगळ्यांना ठाऊक झालंय. तोवर आमच्या घरात ही झाकली मूठ म्हणून सांभाळली जात होती, आणि ती सांभाळताना दात-ओठ मात्र मी खात होते. मी तापट आहे. शाळेत इतिहास शिकवते, तिथली पोरंही हेच सांगतील.

आम्ही कोष्टी. नागपूरच्या नाईक तलावामागच्या आमच्या गल्लीत पूर्वी घरोघरी माग होते. आता कोणी ऑटो चालवतं, कोणी मोबाइलच्या दुकानात आहे. आमच्या मागच्या खोलीत मात्र खड्ड्याचा माग अजून चालतो. आमच्यात रीत अशी, की मागावर गडी बसतो. बाईनं सूत उकलायचं, धोट्यात घालायच्या कांड्या भरायच्या, ताण्याच्या उभ्या दोऱ्यांना खळ लावायची आणि गडी दमला की त्याला चहा द्यायचा. खड्ड्यात पाय सोडून बाई बसली, असं कोणी ऐकलं असतं तर गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावला असता.

बाबा, म्हणजे ईश्वरदास, करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या काठाच्या, साड्यांचे नावाजलेले कारागीर होते. मी दहा वर्षांची असताना ते पावसाळ्यात अंगणात घसरून पडले आणि त्यांचा उजवा खांदा कायमचा गेला. मागावर अर्धी साडी तशीच राहिली. आई आठ दिवस तिच्याकडे नुसती बघत होती. नवव्या दिवशी दुपारी तिनं दाराला कडी लावली आणि खड्ड्यात उतरली. आयुष्यभर तिनं शेजारी बसून कांड्या भरल्या होत्या, पण डोळे थोडेच कांड्यांवर होते! साडी पुरी झाली, विणकरांच्या सोसायटीत गेली, आणि तिथल्या माणसानं बाबांची पाठ थोपटली. "वा ईश्वरदासजी, खांदा दुखून राहिला तरी काय हात चालते तुमचा!"

बाबा गप्प राहिले. त्या दिवशी बोलले असते, तर पुढचं काहीच झालं नसतं.

मग बाबांनी कळमन्याच्या बाजारात एका संत्र्याच्या अडत्याकडे पहाटेपुरती वजनकाट्यावर नोकरी धरली. ते घरी परतले की कडी लावलेल्या दारामागे आई विणायला बसायची, आणि गल्लीला तो आवाज बाबांचाच वाटायचा. विणकराचं कार्ड बाबांच्या नावाचं, सोसायटीच्या वहीत बाबांचं नाव, बैठकीत टांगलेल्या जिल्ह्याच्या प्रमाणपत्रावरही "कुशल विणकर ईश्वरदास". त्या प्रमाणपत्राची काच पुसायचं काम आईकडे होतं. मी कधी भडकले की आईचं एकच उत्तर असे, "कपड्याले का मालूम वं, कोणाचा हात लागला तं?"

तिचं नाव कुसुमावती. पण हे नाव घेतंय कोण? बाबांसाठी ती "धनूची माय", धनू म्हणजे मी; गल्लीसाठी "ईश्वरदासची बायको", उमरेडच्या माहेरी नुसती "बाई". बाबांनी तर बायकोचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा ते मांडवातून पळून गेले होते, असं मावशी अजून हसत सांगते. आमच्यात बायकोचं नाव घेणारा नवरा म्हणजे निलाजरा.

अशा घरात मागच्या दिवाळीनंतर अपूर्व आला. महाल भागातला मुलगा, चष्मा, झोळी, हस्तकलेच्या एका संस्थेत काम करणारा. अथेन्समधलं एक वस्त्रसंग्रहालय बारा देशांतल्या बारा विणकरांकडून एकेक पट्टा विणून घेणार होतं, आणि भारतातला पट्टा करवतकाठीचा हवा होता. तिथली जुनी देवी अथिना ही विणकामाची देवी. पूर्वी त्या नगरातल्या बायका तिच्यासाठी मोठ्या सणाला नवं वस्त्र विणत. आता हे बारा पट्टे जोडून तसंच एक वस्त्र करायचं होतं. प्रत्येक पट्ट्यावर देवीचं नाव पाच लिप्यांत, आणि शेवटी विणणाऱ्याचं स्वतःचं नाव.

अपूर्वनं कागद पसरले. आई दाराशी उभी राहून ऐकत होती.

"हे बघा काका, आजचे ग्रीक लोक म्हणतात अथिना. त्यांच्याच जुन्या काव्यांत ती अथेने आहे, आणि तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका मातीच्या पाटीवर अताना. रोमवाल्यांची आपली एक मिनर्व्हा होती. त्यांनी ठरवलं, ती म्हणजेच ही. रशियात आफिना. अरबीत अथीना. स्पेनमध्ये आतेनेआ. आणि आपण मराठीत लिहितो अथेना."

"एकच बाई?" दारातून आई म्हणाली.

"एकच, काकू."

"अन् सगळ्याइले मालूम हाय, का हे तेच बाई हाय मनून?"

"हो, सगळ्यांना."

आईनं चौकट सोडून एक पाऊल पुढे टाकलं. "आपल्या कोराडीच्या देवीलेही कोणी महालक्ष्मी म्हणते, कोणी जगदंबा म्हणते. पाया तं एकाच मूर्तीच्या पडतेत. नाव इकडचं तिकडं झालं तरी बाई हरपली नाही, हे चांगलं हाय."

अपूर्वनं फॉर्म काढला आणि "विणकराचे नाव" या रकान्यात, कार्डावर बघून, ईश्वरदास असं लिहिलं. मी आईकडे पाहिलं. ती चहा ठेवायला आत निघून गेली होती.

स्वयंपाकघरात मी तिच्यावर तुटून पडले. "आई, साऱ्या जगाच्या बायांनी जिच्यासाठी विणलं, तिच्या कपड्यावर तू विणशील आणि नाव बाबाचं? तिचे दहा नावं लोक जपून राहिले, अन् तुझं एकही नाही?"

"हळू बोल. ते पोट्टं आयकंल."

"ऐकू दे! मीच सांगते त्याला."

तिनं माझा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला. "माह्या गळ्याची शपथ हाय तुले, धनश्री. तू एक शब्द नाही बोलाचा. तुह्या बाबाचा खांदा गेला. आता त्याहिची मान भी घ्याची का?"

शपथ घातली तिनं. मी दात-ओठ खात चहाचा ट्रे बाहेर नेला. त्या दिवसापासून मला एकच घोर होता. पट्ट्याच्या टोकाला बाबांचं नाव विणलं गेलं की विषय कायमचा मिटला. पोथीत लिहिलेलं खोडता येतं, कापडात विणलेलं नाही.

आईनं टसर रेशीम आणलं, ताणा लावला, आणि पहिल्या खेपेला अशी चूक केली की ती आमच्याच घरात होऊ शकते. नक्षीची बुट्टी विणताना कापड मागावर पालथं असतं. सुलटी बाजू खाली, मोकळे दोरे वर. मंदिराचं, करवतीचं नक्षीकाम दोन्हीकडून सारखंच, त्यामुळे त्याचं काही बिघडत नाही. अक्षरं मात्र उलटी विणावी लागतात, तेव्हा कुठे खाली सुलटी उमटतात. आईला हे नक्की ठाऊक होतं. मराठी नाव तिनं बरोबर उलटवून विणलं. पण ग्रीक, रोमन, रशियन आणि अरबी नावं अपूर्वच्या कागदावर जशी होती तशीच विणली. चार दिवसांनी मागाखाली आरसा धरला आणि मी किंचाळलेच. सगळी नावं पाठमोरी!

"अवं आई, हे उलटवायचे होते ना!"

आई आरशात बघत राहिली. मग म्हणाली, "मले समजत होतं वं. पण कागदाले हळदकुंकू लावलं होतं ना."

कागद आला त्याच दिवशी तिनं देवीचं नाव म्हणून प्रत्येक नावाला हळदकुंकू लावून तो भिंतीला टांगला होता. आणि हळदकुंकू लावलेलं पालथं करायचं नसतं. झालं! चार दिवसांचं काम तिनं सात दिवस बसून दोरा दोरा उसवलं. टसर नाजूक, ओढलं की तुटतं. उसवून झाल्यावर आंघोळ करून तिनं कागदाला हात जोडले. "माय, तुले सरळ कराच्यासाठीच पालथं करून राहिली. राग नको धरू." मग कागद पालथा करून खिडकीच्या काचेला लावला आणि उजेडात मागून अक्षरं उतरवून घेतली. देवीनं राग धरला नसावा, कारण दुसऱ्या खेपेला नावं अशी उतरली की आरशात बघून माझ्या अंगावर काटा आला. मराठीपलीकडचं एकही अक्षर ओळखता येत नसलेल्या बाईनं पाचच्या पाच नावं कोरून काढल्यासारखी विणली होती. त्या दिवशी मला तिचा इतका अभिमान वाटला, आणि शपथेचा इतका राग आला, की मी उगाचच सहावी ब ला पूर्ण तासभर उभं ठेवलं.

शेवटची वीत रिकामी ठेवायची होती. फेब्रुवारीत अथेन्सचं ते संग्रहालय चालवणाऱ्या बाई स्वतः येणार, विणकर मागावर बसलेला असताना चित्रण करणार, आणि त्यानंतर टोकाला त्याचं नाव. बाबांच्या नावाचा कागद अपूर्वनं पाठवून दिला होता. त्याला मात्र कोणी हळदकुंकू लावलं नव्हतं.

बाई येण्याआधीचे दोन दिवस बाबा कळमन्याला गेले नाहीत. सकाळी ते मागच्या खोलीत जाऊन कडी लावायचे आणि आतून धोटा पडल्याचा आवाज यायचा. मग शांतता. पुन्हा धोटा पडायचा. आई बाहेर ओट्यावर तांदूळ निवडत बसायची आणि प्रत्येक आवाजाला तिचा हात थांबायचा.

तिसऱ्या दिवशी साडेदहाला गाडी आली. बाई साठीच्या असतील, पांढरे आखूड केस, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. बरोबर अपूर्व, आणि सोसायटीचे सचिव जितेंद्रकाका, खास शिवून घेतलेल्या सफारीत. बाईंनी आत येताच नमस्कार केला, कोणी काही दाखवायच्या आधी जमिनीवर बसून मागाखाली वाकल्या आणि आरसा मागितला. आरशात पाचही नावं बघितली. मग वरून, दोऱ्यांच्या बाजूवरून, बोट फिरवलं. आईनं मला कोपरानं ढोसलं. "हे बाई जाणकार हाय."

बाबा इस्तरीच्या शर्टात खड्ड्यात पाय सोडून बसले. खिडकीत निम्मी गल्ली. जितेंद्रकाकांनी मोबाइल उचलला. "होऊ द्या, ईश्वरदासजी."

बाबांनी पायाखालची पावडी दाबली, धोटा टाकला. तो अर्ध्यात अडकला. दुसऱ्यांदा खांदा वर गेलाच नाही, धोटा घरंगळत जमिनीवर आला. बाबा कसंनुसं हसले. "खांदा..."

बाई मायेनं म्हणाल्या की घाई नाही. मग त्यांनी विचारलं आणि अपूर्वनं मराठीत सांगितलं. "काका, त्या विचारताहेत, तुम्ही पालथं विणता, आणि ही भाषा तुम्हाला वाचता येत नाही. मग नावं सुलटी कशी आणलीत? आणि यातलं कुठलं नाव सगळ्यात जड गेलं?"

साधा प्रश्न होता. विणकरानं विणकराला विचारावा असा. बाबांनी कापडाकडे पाहिलं, भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. आई दाराशी उभी, नजर जमिनीला, हातात कांडी. माझ्या तोंडाला शपथेचं कुलूप. इतकं जवळ येऊनही हे सगळं असंच वाहून जाणार, असं मला वाटलं आणि रडूच आलं.

बाबांनी खड्ड्यातून पाय वर घेतले.

"अपूर्व बेटा, बाईले सांग," ते म्हणाले. "मले नाही मालूम. कारण का, हे मी नाही विणलं."

जितेंद्रकाका हसले. "काय मजाक करून राहिले, ईश्वरदासजी!"

"मजाक अठरा वर्षं केली, गा. आज नाही करत." बाबा थांबले नाहीत. "अठरा वर्षांत ह्या मागावर मी बोटभर कपडा नाही विणला. तुमच्या सोसायटीत जे गेलं, ज्याच्यावर तुम्ही मले सर्टिफिकेट देलं, ते सारं हिचं हाय. मले लाज वाटे सांगाची. अन् न सांगाची त्याहून जास्त वाटे."

"हिचं म्हणजे कोणाचं?" अपूर्वनं विचारलं. त्यानं काही मुद्दाम विचारलं नव्हतं. फॉर्म हातात होता, नाव हवं होतं, एवढंच.

बाबांनी एकदा खिडकीतल्या गल्लीकडे पाहिलं. मग म्हणाले, "कुसुमावती."

खिडकीत बाया फिस्कन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. आईच्या हातातली कांडी पडली. बाबा तिच्याकडे वळले, आणि या वेळी अगदी स्पष्ट म्हणाले, "कुसुमावती, ये. बस इथं."

अपूर्वनं बाईंना सगळं सांगितलं. मी डोळे पुसत होते, लपवायचं सुचलंही नाही. अठरा वर्षांचा माझा राग बाबांच्या त्या एका हाकेनं अर्धा झाला. उरलेला अर्धा मी अजून ठेवलाय, हक्काचा आहे.

आईनं पदर खोचला. सगळ्या गल्लीदेखत, जितेंद्रकाकांदेखत, ती खड्ड्यात उतरली आणि तिनं पडलेला धोटा उचलून कपाळाला लावला. मग तिचे हात चालू झाले. करवतीच्या काठाला तीन धोटे लागतात. ते तिच्या हातांत असे फिरायला लागले की जितेंद्रकाकांचा मोबाइल आपोआप खाली आला. दहा-बारा दोरे टाकल्यावर ती थांबली आणि बाईंना म्हणाली, "तुम्ही इचारलं ना, जड कोणतं गेलं? ग्रीकवालं. तुमचंच. त्यातले चार अक्षर उलटे केले तरी तसेच दिसतेत, फसवून राहिले मले. अरबी सोपं गेलं. ते लोक उजवीकडून लिवतेत, अन् मी विणतो पालथं. मंग ते माह्याकडं डावीकडून सरळ आलं."

मी इंग्रजीत सांगितलं. बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की खिडकीतलं एक पोर दचकलं. मी मग हळदकुंकवाची गोष्टही सांगितली, सात दिवस उसवल्याची. त्या उठल्या, भिंतीवरच्या कागदापाशी गेल्या आणि पिवळ्या-लाल ठिपक्यांना हळूच बोट लावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, आमच्याकडे या देवीला असा हात कोणी लावून कित्येक शतकं झाली.

जितेंद्रकाकांनी घसा खाकरला. "पण मॅडम, कार्ड ईश्वरदासजीच्या नावाचं आहे. एका मागावर एकच कार्ड, असा नियम आहे आपला. फॉर्मची प्रत वरती गेली आहे."

हे ऐकून माझा पारा चढलाच. शपथ तर बाबांनी मोडून काढली होती, आता मला अडवणारं कोणी नव्हतं. "काका, नियम काय असतो ते मी सांगू का? सोसायटीच्या वहीत अठरा वर्षं..." पण बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अपूर्वकडे वळून दोन वाक्यं बोलल्या. अपूर्व हसून म्हणाला, "त्यांचा नियम असा आहे, की ज्यानं विणलं त्याचं नाव. त्यांना दुसरा नियम माहीत नाही." आणि त्यानं जितेंद्रकाकांसमोरच फॉर्मवरचं नाव खोडून नवं लिहिलं.

"आता कुसुमावती या नावाचा कागद काढून पाठवायला मला दोन दिवस लागतील, काकू," तो म्हणाला.

"कागद कायले पायजे?" आई मागावरूनच म्हणाली. "माहं नाव मले पालथंही येते."

आणि खरंच, कागद न घेता, आरसाही न घेता, दुपारपर्यंत तिनं ते विणलं. बाबा शेजारी बसून कांड्या भरत होते. गल्लीतले लोक जेवायला गेले आणि जेवून परत आले. ज्या म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावायचा, त्यातली सगळ्यात खाष्ट म्हातारी आत येऊन आईच्या पाठीवर हात फिरवून गेली.

जूनमध्ये प्रदर्शन उघडलं. आम्हाला व्हिडिओवरून बोलावणं होतं. मी शाळेतून मोठा पडदा आणला, बैठकीत लावला, आणि प्रमाणपत्र काढावं लागलं कारण खिळा तोच होता. गल्ली झाडून आली. पडद्यावर एक उंच पांढरी भिंत, आणि तिच्यावर बारा पट्ट्यांचं ते वस्त्र वरून खालपर्यंत. आमचा पट्टा डावीकडून चौथा. आईनं तो लगेच ओळखला, काठावरून.

त्याच बाई माईकवर आल्या आणि एकेका विणकराचं नाव घेऊ लागल्या. जपान, पेरू, घाना... प्रत्येक नावाला तिथला हॉल टाळ्या वाजवत होता. मग त्या म्हणाल्या, इंडिया, नागपूर, आणि जरा थांबून, प्रत्येक अक्षर जपून म्हणाल्या, "कुसुमावती."

टाळ्या वाजल्या. आमच्या बैठकीत तर शिट्ट्याही वाजल्या. आईनं मात्र टाळी वाजवली नाही, हसलीही नाही. खुर्चीच्या कडेवर बसून ती पडद्याकडे बघत होती, आणि मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नसावं.

"धनू," ती म्हणाली, "त्या बाईले सांग, अजून एकदा म्हणा मनून."

"आई, कार्यक्रम सुरू आहे त्यांचा. मोठमोठे लोक बसलेत तिथं."

"सांग नं वं. मले आयकाचं हाय."

मी माईक चालू केला आणि सांगितलं. माझा आवाज त्या परक्या हॉलमध्ये घुमला. बाई क्षणभर थांबल्या, मग हसल्या आणि लोकांकडे वळून दोन्ही हात वर केले. त्या हॉलमधल्या सगळ्यांनी, कोणी कुठल्या उच्चारात, कोणी कुठल्या हेलात, एका दमात म्हटलं, "कुसुमावती!" मागोमाग आमच्या गल्लीनं म्हटलं. त्यात बाबांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

आई उभी राहिली. शाळेत हजेरीला पोरं करतात तसा तिनं उजवा हात वर केला, आणि अथेन्सला माईकशिवायही ऐकू गेलं असतं एवढ्या जोरात ओरडली, "होओ! मीच हाय!"